अकरा दारांचं बोलावणं

सकाळी फोन वाजला की मी आधी घड्याळ बघतो, मग फोन. सहाच्या आत वाजला तर तो ताईबद्दलच असणार, असं माझ्या मनानं गेल्या श्रावणापासून घेतलंय. सहाला मीच तिला फोन करतो. त्याआधी कुणी केला, तर त्याचा अर्थ तिला स्वतःला करता आला नाही, असाच लागतो. कुणी चुकीचा नंबर लावलेला असला तरी त्यानंतर पाच मिनिटं मी फोन हातातून खाली ठेवत नाही.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि बनारसला मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालो आणि पूल ओलांडून रामनगरच्या बाजूला एका नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. लिफ्ट आहे, फरशी कोरडी असते, दाराशी पहारेकरी असतो. मध्ये गंगा आहे आणि गंगेपेक्षा जास्त म्हणजे रस्त्यावरची गर्दी आहे. तिच्याकडे पोचायला मला कधीही तासाभराच्या खाली लागत नाही.

श्रावणात ती नळाजवळ घसरली. तासभर तशीच पडून होती. शेजारच्या वहिनी ताक द्यायला आल्या म्हणून कळलं. हाड मोडलं नाही, पण तो तास माझ्या डोक्यातून गेला नाही. नंतर दिवाळीत त्या वहिनीच घराला कुलूप लावून मुलाकडे इंदूरला गेल्या, कायमच्या. आता ताक घेऊन कोण येणार, हा प्रश्न मला दिवसातून दहादा पडायचा. मी ताईला म्हणायचो, माझ्याकडे चल. ती म्हणायची, माझी माणसं इथं आहेत. मी म्हणायचो, कुठं आहेत, दाखव. बायको मधे पडून दोघांना चहा द्यायची.

अशात पर्यटन निगमाच्या कार्यालयातून एक बाई आल्या. तिशीच्या असतील. पाठीला पिशवी, पायात बूट, आणि गल्लीत शिरल्याबरोबर गाईला बाजूला सरकवायची सवय असलेल्या. शहरात येणारा पाहुणा घाट बघतो, नावेत बसतो, आरती बघतो आणि जातो, असं त्यांचं म्हणणं. त्याला गल्ल्याही दिसाव्यात, आणि त्या गाईडनं नाही, राहणाऱ्यांनीच दाखवाव्यात. प्रत्येक गल्लीनं आपला एखादा सण, एखादं काम, एखादं खाणं पाहुण्यांसमोर मांडायचं. जमलं तर ती गल्ली पायी फिरायच्या नकाशावर घ्यायची. मराठी घरांचं काय असतं, असं त्यांनी विचारलं. ताईनं क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, चैत्रातली गौर.

इथं महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून इथल्यांचा वैशाख लागला तरी आमचा चैत्र अजून चालू असतो, हे त्या बाईंना समजावण्यात एक दुपार गेली. मग झोपाळ्यात बसवलेली गौर, तिच्यापुढची आरास, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, हळदीकुंकू असं ताई सांगत गेली आणि त्या वहीत लिहीत गेल्या. जाताना दाराशी थांबून त्या मला म्हणाल्या, "मेहमान तो हम ले आएँगे, भाई साहब. गली आपको लानी है." गल्लीतली माणसं स्वतः आली नाहीत, तर पाहुण्यांना रिकामं अंगण दाखवून काय उपयोग, तशी गल्ली नकाशावर घेणार नाही, हेही त्यांनी गोडीत सांगितलं. गल्ली आणायची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी निवृत्त आणि मला नाही म्हणता येत नाही.

त्या संध्याकाळी आमचा पुन्हा तोच वाद झाला. या वेळी ताईनं तंबोऱ्याची गवसणी घडी करून ठेवली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "माझ्या गौरीला गल्ली आली नाही, तर मी सामान बांधते. आली, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस."

मी हो म्हणालो. घाईनंच म्हणालो.

आता मी केलेलं काम सांगतो. तीस-पस्तीस वर्षं मी ऑफिसात सूचना काढल्या. गाडी उशिरा येणार, खिडकी बंद राहणार, अर्ज अमुक तारखेपर्यंत द्यावेत. सूचना लावली की माणसांना कळलं, आणि कळलं की आपलं काम संपलं, अशी माझी पक्की समजूत. मी पोस्टर छापून घेतलं. वर गौरीचं चित्र, खाली वेळ आणि जागा, आणि ठळक अक्षरात 'पर्यटकों का हार्दिक स्वागत'. गल्लीच्या दोन्ही तोंडांना, दूधवाल्याच्या दुकानावर आणि देवळाच्या पायऱ्यांपाशी स्वतः चिकटवलं. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, बनारसच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकलं. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. ती मी मोजून ताईला सांगितली.

ताईनं एवढंच विचारलं, बोलावणी झाली का? मी म्हणालो, झाली.

बोलावणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. आमच्या घरात हळदीकुंकवाचं बोलावणं करंड्यातून जातं. सकाळी कुणीतरी करंडा घेऊन दारोदार जातं, समोरच्या बाईला हळदकुंकू लावतं आणि दुपारी या म्हणून सांगतं. घराला कुलूप असलं तर दाराला कुंकवाचं बोट लावून यायचं. मग त्या घरालाही बोलावणं पोचलं असं होतं. आधी आई जायची, मग ताई, आणि ताईचे गुडघे गेल्यावर शेजारच्या वहिनी जात. या वर्षी त्या नव्हत्या. बायको नागपूरला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. तिनं फोनवर विचारलं होतं, करंडा घेऊन कोण जाणार आहे? मी म्हणालो, पोस्टर आहे ना. ती म्हणाली, "अहो, पोस्टर बघून कुणी कुणाच्या घरी जातं का?" मी तिला जमाना बदलल्याचं ऐकवलं.

ताईनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गौरीच्या आदल्या दिवशी, पुन्हा. दोन्ही वेळा मी झाली म्हणालो, आणि तिसऱ्या वेळी तिच्याकडे न बघता म्हणालो.

आज खरं सांगायला हरकत नाही. माझ्या आत कुठेतरी एक माणूस बसलेला होता आणि तो म्हणत होता की नाहीच आलं कुणी, तर बरंच आहे. ताई सामान बांधेल, रिकाम्या खोलीत तिचा पलंग लागेल, आणि मला सकाळी सहाची वाट बघावी लागणार नाही. मी त्याला गप्प बसवत होतो, पण उठवून बाहेर घालवत नव्हतो.

गौरीच्या दिवशी मी नऊलाच पोचलो. ताईनं पहाटेच उठून दारात चैत्रांगण काढलं होतं. गुडघे वाकत नाहीत म्हणून लहानशा पाटावर बसून, सरकत सरकत. गौर झोपाळ्यात, पायऱ्यांवर आईच्या वेळची लाकडी खेळणी, कलिंगडाचं कमळ, कैऱ्या, मोगरा. आंबेडाळीचा आणि हिंगाच्या फोडणीचा वास गल्लीच्या वळणापर्यंत जात होता. ताईनं जरीकाठाची जांभळी साडी नेसली होती आणि ती दहादा मला विचारत होती की पन्हं पुरेल ना. मी म्हणत होतो पुरेल, आणि माझ्या मनात येत होतं, उरेल.

मी अंगणात दोन सतरंज्या घातल्या. एक पाहुण्यांना, एक गल्लीला. चार वाजता हळदीकुंकू सुरू व्हायचं होतं. साडेतीनपासून मी दारात उभा राहिलो. ऊन भिंतीवरून उतरत नव्हतं. चार वाजले. एक कुत्रं येऊन चैत्रांगणाच्या कडेनं नीट वळसा घालून गेलं. सव्वाचार वाजले. मी ग्रुप उघडून पाहिला. माझ्या पोस्टरखाली कुणीतरी दुसऱ्याच वॉर्डातल्या पाणीपुरवठ्याची तक्रार टाकली होती. आत ताई गौरीशेजारी बसून होती, हातात गुलाबदाणी. तिनं एकदाही विचारलं नाही की कुणी आलं का. विचारलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

साडेचारला पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांकडून आवाज आले. निगमाच्या बाई पुढं, मागं पंधरा-वीस पाहुणे, टोप्या घातलेले, घामाघूम. ते अंगणात आले, गौर पाहून हरखले, फोटो काढू लागले. ताईनं सगळ्यांना पन्हं दिलं, आरास समजावून सांगितली, तिचा शाळेतला आवाज पुन्हा लागला. पण त्या बाईंची नजर दुसऱ्या सतरंजीवर होती. तिच्यावर एक सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, मोहल्लेवाले येतायत ना? मी म्हणालो, येतीलच.

मी ताईकडे पाहिलं. ती पाहुण्यांशी बोलता बोलता थांबली होती आणि त्याच सतरंजीकडे पाहत होती. तिचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, श्रावणात, दवाखान्यात, नर्सनं तिला विचारलं होतं की घरी कोण असतं, तेव्हा. मग तिनं मान वळवली आणि देवाच्या कोनाड्याकडे पाहिलं. कोनाड्यात पितळी करंडा होता. घासून लख्ख केलेला, हळदीकुंकवानं भरलेला, आणि सकाळपासून जागचा न हललेला.

म्हणजे तिला माहीत होतं. मला शरम वाटली.

मी करंडा उचलला आणि चपला न घालताच बाहेर पडलो. फरशी पोळत होती. पहिलं दार समोरच्याच घराचं, जुन्या मराठी घरांपैकी. कडी वाजवली आणि माझ्या लक्षात आलं की आपण पुरुष, हळदकुंकू लावायचं कसं. दार उघडलं. त्या घरातल्या काकू समोर उभ्या होत्या, आणि त्या घरच्या कपड्यांत नव्हत्या. कोरी साडी, अंबाड्यावर गजरा, हातात ओटीचा रुमाल. मागं त्यांची सून, तीही नटलेली. दोघी दुपारपासून तशाच बसून होत्या.

मी म्हणालो की ताईकडे गौरीचं हळदीकुंकू आहे, यायचं. काकूंनी माझ्या हातातल्या करंड्याकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "पोस्टर तर पाहिलं होतं रे," त्या म्हणाल्या, "पण बुलावा कुठं आला? आम्हाला वाटलं, यंदा ताईंची गौर बाहेरच्यांसाठीच आहे. आमची गरज नाही."

त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. मी करंडा पुढं धरला. काकूंनी स्वतःच्या बोटानं कुंकू घेतलं, स्वतःला लावलं, सुनेला लावलं, आणि सुनेला म्हणाल्या, चल.

मग मी धावलोच म्हणा. पुढची तीन मराठी घरं, मग बंगाली मास्तरणीचं घर, मग दूधवाल्याचं, मग शिंप्याचं, मग त्यापुढची तीन. चैत्रगौर आमची असली तरी बोलावणं आईच्या वेळेपासून गल्लीला जात आलेलं. प्रत्येक दारात मी तेच वाक्य म्हणत होतो, कधी मराठीत, कधी हिंदीत, आणि प्रत्येक वेळी मला धाकधूक की हे दार बंदच राहणार. दोन घरांत बायका तयारच होत्या. एकीनं सांगितलं की केस विंचरून येते. दूधवाल्याच्या बायकोनं मात्र मला दारातच उभं केलं. गेल्या चैत्रात वहिनी आल्या होत्या, तेव्हा ताईजींनी माझ्या लेकीला गाणं म्हणायला लावलं होतं, यंदा ती महिनाभर तेच गाणं घोकतेय आणि तुम्ही भिंतीवर कागद लावून मोकळे झालात, असं तिनं मला स्वच्छ सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. मग ती म्हणाली, ताईजी पुन्हा पडल्या तर कळवायला आमच्याकडे तुमचा नंबर तरी आहे का? नव्हता. तिनं तिथल्या तिथं घेतला. नंतरच्या दारांत मीच होऊन देत गेलो.

दहा दारं झाली. अकरावं शेजारच्या वहिनींचं, कुलूप लागलेलं, कुलपावर धूळ. तिथं थांबायला मला वेळ नव्हता, आणि थांबून काय करायचं तेही धड कळत नव्हतं. तरी मी करंड्यात बोट बुडवलं आणि दाराच्या चौकटीवर कुंकू लावलं. घाईत ते ओघळल्यासारखं लागलं. श्रावणातला तो तास आठवला. ही बाई त्या दिवशी ताक घेऊन आली नसती तर, हे वाक्य मी पुढं कधीच पुरं केलेलं नाही.

परत आलो तेव्हा अंगणात बोलताही येत नव्हतं इतका गलका होता. गल्लीच्या सतरंजीवर जागा नव्हती म्हणून बायका पाहुण्यांच्या सतरंजीवर सरकल्या होत्या. दूधवाल्याची लेक गात होती आणि ताई मांडीवर ताल धरून तिची चूक मानेनं दाखवत होती. काकू एका टोपीवाल्या पाहुणीच्या ओंजळीत हरभरे घालून तिला ओटी म्हणजे काय ते आपल्या बनारसी मराठीत समजावत होत्या, आणि त्या बाईला काही कळत नसूनही ती मान डोलवत होती. निगमाच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली होती. मला म्हणाल्या, आता पुढच्या गल्लीत मी कागद लावायच्या आधी दारं वाजवीन. मी म्हणालो, बरोबर कुणी बाईमाणूस न्या, मी फार शिव्या खाल्ल्या.

सगळे गेल्यावर मी भांडी गोळा केली. ताई झोपाळ्यापाशी बसून होती, दमलेली.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा विचारलं," ती म्हणाली. "चौथ्यांदा विचारणं म्हणजे हात पसरणं झालं असतं."

मी पातेलं खाली ठेवलं आणि तिला सांगितलं की कुणी येऊ नये असं मला वाटत होतं. तुला घेऊन जायचं होतं म्हणून. मग तिनं विचारलं, वहिनींच्या दाराला लावलंस का? मी म्हणालो, लावलं. तिनं मान हलवली आणि मला उरलेली डाळ डब्यात भरून घ्यायला सांगितली. सामानाचा विषय मी काढला नाही, आणि पुन्हा कधीही काढलेला नाही.

म्हणून काळजी गेली असं नाही. ताई तिथंच आहे, फरशी ओलीच असते, आणि मी पुलाच्या या बाजूला. गौरीनंतर पाचव्या दिवशी सकाळी पावणेसहाला फोन वाजला. आधी घड्याळ पाहिलं, मग फोन. गल्लीतला नंबर होता, दूधवाल्याच्या बायकोचा. चपला कुठं आहेत, ऑटो मिळेल का, एवढंच डोक्यात.

"भैया, घबराइए मत," ती आधीच म्हणाली. "ताईजी ठीक हैं, अभी दूध लेकर गई हैं. परसों हमारे यहाँ सत्यनारायण की कथा है, आपको आना है. बुलाने तो आपके दरवाज़े पर आना चाहिए था, पर आप पुल पार रहते हैं."

मी येतो म्हणालो. फोन ठेवला आणि तसाच पलंगाच्या काठावर बसून राहिलो. या सोसायटीत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. लिफ्टमध्ये रोज नवी सूचना लागलेली असते. पण मला म्हणून आलेलं हे पहिलंच बोलावणं होतं.